आण्णाप्पाच्या रेडिओतले दोन ट्रान्झिस्टर व माझी बाकी चीजवस्त

मी, मायाप्पा गुंडू शिंगे, वय ६१, धंदा रेडिओ दुरुस्ती, राहणार निपाणी, डोके ठिकाणावर असताना व कोणी मागे लागलेले नसताना हे मृत्युपत्र स्वहस्ते लिहून ठेवतो. अक्षर थोडे कापते. ते चाळीस वर्षे सोल्डरिंग केल्यामुळे. मेहुण्यांनी दुसरा अर्थ काढू नये.

१. राहते घर व दुकान पत्नी तानीबाई हिचे. त्यात कोणीही वाटा मागू नये.

२. मीटर, सोल्डरिंग आयर्न व सुट्या भागांचे डबेही तिचेच. ऑर्केस्ट्रातल्या गिटारवाल्यांसाठी मी पायाने दाबायचे पेडल बनवले. दाबले की गिटारचा आवाज फाटून भरदार होतो. त्यावर नाव माझे असले तरी कान तानीबाईचा होता. एकाच नंबरचे दहा ट्रान्झिस्टर आणले तरी दहांचा आवाज वेगळा. मी मीटर लावून निवडायचो, ती लसूण सोलत ऐकायची आणि म्हणायची, "ह्यो नगं. ह्यो नाकात बोलतोय." दर वेळी तिचेच खरे निघाले. हे मी आजवर कोणाला सांगितले नाही.

३. हवा तो कपॅसिटर मिळाला नाही तर दोन लहान शेजारी-शेजारी जोडावेत, क्षमता वाढते. रेझिस्टर मात्र एकापुढे एक. हे उलटे करणाऱ्याला माझ्या दुकानात बसू देऊ नये.

४. येळ्ळूरचा गिटारवाला भावकू यास काही नाही. माझ्या पेडलला तो चारचौघांत 'पिठाची गिरणी' म्हणाला होता.

५. आता मुख्य गोष्ट. १९७४ साली हाच भावकू परदेशी पेडल घेऊन आला. आतले दोन्ही जुन्या जातीचे, जर्मेनियमचे ट्रान्झिस्टर गेलेले. गणपतीतला कार्यक्रम दोन दिवसांवर. मी नव्या जातीचे, सिलिकॉनचे घालून पाहिले. गिटार डासासारखी किणकिणू लागली. तानीबाईने कानावर हात ठेवले. जर्मेनियमची जोडी निपाणीत नव्हती, बेळगावातही नव्हती. पण सदलग्याचे माझे थोरले बंधू आण्णाप्पा यांचा रेडिओ दुकानात होता. त्याची फक्त स्टेशनाच्या काट्याची दोरी तुटली होती. आत तीच जोडी. मी ती काढून भावकूच्या पेडलला लावली व रेडिओत सिलिकॉन बसवले. पेडल असे गायले की तानीबाईने लसूण खाली ठेवला.

रेडिओ मात्र आवाज बारीक केला की खरखरायचा. जर्मेनियमच्या जागी सिलिकॉन नुसते बसवून चालत नाही, हे मला माहीत होते. आण्णाप्पाने मला विचारले. मी म्हणालो, कोणीतरी पाडला असेल. त्याच्या घरात बायकोशिवाय दुसरे होते कोण? बारा वर्षे त्याने गंगव्वावहिनींना त्या रेडिओला हात लावू दिला नाही. त्यांनी तो पाडला नव्हता. माझ्या पश्चात आण्णाप्पाने त्यांची माफी मागावी व माझा चांगला रेडिओ घ्यावा.

पुरवणी. वरील मजकूर साक्षीसाठी बोलावलेल्या गंगव्वावहिनींना आज सकाळी वाचून दाखवला. त्यांनी पदर खोचला. मग म्हणाल्या, "भावजी, तुमी मरायची वाट बगत बसू व्हय? उटा."

मी उठलो. आम्ही चिकोडीमार्गे सदलग्याला गेलो. आण्णाप्पा ओट्यावर होता. मी उभ्यानेच सगळे सांगितले. तो मला शिव्या देईल अशी माझी तयारी होती. त्याने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. वहिनींना म्हणाला, "चुकलं माझं." त्या म्हणाल्या, हे ह्याच कागदावर पायजे, आनि सही तुमची पायजे.

मी कायदा समजावला की मृत्युपत्रात ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये. सही केली तर रेडिओ जाईल. आण्णाप्पाने माझ्या खिशातले पेन काढले.

"ऱ्हाऊ दे तुझा रेडिओ. कुटं करायची सही?"

सबब कलम पाचमधील रेडिओची देणगी रद्द. बाकी मजकूर कायम.

लिहून ठेवणार: मायाप्पा गुंडू शिंगे

आमच्यासमक्ष सही झाली:
१. गंगव्वा आण्णाप्पा शिंगे
२. आण्णाप्पा गुंडू शिंगे (गंगव्वाने रेडिओ पाडला नव्हता)

ठिकाण: सदलगा, ता. चिकोडी
दिनांक: १९ नोव्हेंबर १९८६