स्तंभाखालचं स्वयंपाकघर

२ सप्टेंबर
भूकंप-स्मारकाचं उद्घाटन ३० ला. मंत्र्यांनी वेळ दिलीय. आज लातूरहून वास्तुवाले आणले. होकायंत्र फिरवून म्हणाले, इथं दोष आहे, स्मारकाचा स्तंभ पूर्वेला सरकवा. अख्खं गाव जमीनदोस्त झालेली जागा. त्यात दोष नेमका कुठं सापडला, विचारावंसं वाटलं. पण कार्यकारी अभियंता साहेब मान डोलवून राहिले होते. माझं, उपअभियंत्याचं, काम चुन्याची रेघ मारायचं. मारली.

५ सप्टें.
पायाचं खोदकाम सुरू. साइटचे वॉचमन माणिकमामा याच गावचे. भूकंपाच्या रात्री किनवटकडं लाकूडतोडीला होते. ‘वाचलो’ म्हणत नाहीत. ‘ऱ्हायलो’ म्हणतात.
घरी आलो तर वरच्या खोलीत भाड्यानं राहणारी क्लासची पोरं भूकंपलहरी पाठ करतायत. दोन मार्कांना येतात म्हणे.

९ सप्टें.
खड्ड्यात पितळी घागर निघाली. चेपलेली. काठावर कोरलेलं: ‘सौ. शेवंता माणिक हीस वडिलांकडून’. लग्नातलं भांडं.
मामा खाली उतरले. घागरीवरून हात फिरवला.
“सायेब, ही चुलीपाशी ऱ्हायची.”
म्हणजे स्तंभ सरकून थेट मामांच्या स्वयंपाकघरात आला. शेवंताबाई, मामांची बायको, भूकंपानंतर सापडल्याच नाहीत. सरकारदरबारी बेपत्ता. स्मारकाच्या दगडावर नावं फक्त मृतांची, असा आदेश.
“बेपत्ता म्हंजी कुटं गेली म्हनं? म्हायेराला?”
आदेशात ते नव्हतं.

१० सप्टें.
मामांचं मागणं एवढंच: चुलीच्या अंगानं अजून थोडं खंदू द्या. हाडं लागली तर अग्नी देता येईल, दगडावर नाव येईल.
गुत्तेदार, म्हणजे आमचा ठेकेदार: “साहेब, मिक्सर लातूरला न्यायचाय. क्लासच्या हॉस्टेलचा स्लॅब हाय. मेलेले थांबतेत, ॲडमिशनवाले न्हाई थांबत.”
हसू आलं. मग स्वतःचाच राग.
साहेबांना लेखी कळवलं: काळी माती लागतेय, पाया खोल न्यावा लागेल. साफ खोटं, पायाला हवा तसा कडक मुरूम कधीच लागलाय. साहेबांनी ओळखलं. फोनवर: “हाडं निघाली तर पोलीस, पंचनामा, काम बंद. मंत्री काय खड्ड्याला हार घालणार?”
उद्या सकाळी काँक्रीट.

११ सप्टें.
जीपमध्ये बसून लिहितोय. मिक्सर फिरून राहिलाय, माल तयार. मामा उजाडायच्या आधीपासून खड्ड्यात. कुदळ बाजूला ठेवलीय, हातानं उकरतायत. कुदळ लागेल म्हणाले तिला.
आत्ताच खालून आवाज आला, “सायेब, राख लागली! चुलीचीच हाय. अजून जरासं…”
गुत्तेदार काचेवर टकटक करतोय. “साहेब, माल घट्ट होऊन राहिला. हात करा की.”
मी हात वर केल्याशिवाय माल ओतायचा नाही, हा नियम माझाच. दोघंही इकडं बघतायत. लिहितोय तोवर हात गुंतलेला आहे, म्हणून लिहि—