सत्तावीस नंबर

तेर,
मंगळवार, दुपार

प्रिय यज्ञेश,

रविवारी तू चौकात माझा सत्कार ठेवलायस. फेटा, शाल, माइक, सगळं ठरलं असंल. तुला वाटतंय मी शिलाँगहून थेट येणार. पण मी चार दिवस झाले तेरला आहे, हुमेराआपाकडं, म्हणजे माझ्या मामेबहिणीकडं. सीझन संपला. आपलं कळंब इथून तासाभरावर, तरी पाय निघत न्हाय. फोनवर तू बोलायला लागलास की मी आपोआप हो हो करत जातो, म्हणून कागद घेतला.

इथलं म्युझियम बघितलंस का कधी? बोटाएवढ्या मातीच्या बाहुल्या आहेत, लई जुन्या. एकीपुढं मी तासभर उभा होतो. रखवालदार म्हणाला, "ती काय बोलणार न्हाय. चला, जेवायची सुट्टी झाली." कुठून कुठं गेलो बघ.

लीगचं सांगतो. फुटबॉलची देशातली दुसऱ्या फळीची लीग, सात महिने, बावीस मॅच. आमचा शिलाँगचा क्लब शेवटून पहिला, म्हणजे पुढच्या वर्षी अजून खाली. गोलकीपर मिझोरामचा, कोच केरळचा. जेवताना ज्याचा तो आपापल्या भाषेत फोनवर. मी कपडे वाळत घालताना एकटाच मराठी बोलायचो, दोरीशी.

आणि मी एकही मॅच पूर्ण बघितली न्हाय. आतून नुसता आवाज ऐकला. परगावची गर्दी ओरडली की आम्ही गोल खाल्ला, गप्प झाली की आम्ही मारला. शेवटच्या मॅचला बाहेर एकदम शांत झालं. मी पळत बाहेर आलो, तर लोक उठून घरी चालले होते. आम्ही चार गोलनं मागं.

परवा आपाचं धुणं मी धुतलं. डाग आधी घासले, मोजे उलटे करून जोड्या लावल्या. ती दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "वसीम, खरं सांग. तुला बॉल खेळायला ठेवलं होतं का कपडे धुवायला?" म्हणालो, कपडे धुवायला.

तेच खरं आहे, यज्ञेश. जर्सी धुवायच्या, बुटांचा चिखल काढायचा, हाफटाइमला कोरड्या जर्सी नंबरानं खुंटीला लावायच्या. जानेवारीत एकदा माझा शर्ट भिजला, म्हणून जखमी पोराची सत्तावीस नंबरची जर्सी घातली आणि तुला फोटो पाठवला. लिहिलं काहीच न्हाय. तुझं तर फ्लेक्सचंच दुकान. संध्याकाळपर्यंत मी चौकात दहा फूट उंच, 'राष्ट्रीय लीगमध्ये निवड', खाली शुभेच्छुक म्हणून तू. तेव्हाच सांगायला पायजे होतं. पण त्याच दिवशी अम्मीचा फोन आला. बाजारात भाजीवाल्या दैवशालाबाईनं तिला बसायला पोतं टाकलं होतं, "खेळाडूची आई, बसा" म्हणून. आधी बाजारातल्या याच बायका विचारायच्या, पोरगं आता कुठल्या गावाला पळालं. अम्मी फोनवर किती हसली. मी तुला नुसता अंगठा पाठवला.

हे पत्र मुनवरभाई, आपाचे मिस्टर, उद्या कळंबला आडतीवर येताना तुझ्या दुकानात देतील. सत्कार रद्द कर. फ्लेक्स उतरव. लोकांना सांग वसीमनं फसवलं, तुझ्यावर काही येऊ देऊ नकोस. अम्मीला मात्र तू सांगायचं न्हाय, ते मी सांगणार. गुरुवारी दुपारच्या एसटीनं येतोय. काय शिव्या द्यायच्यात त्या दे, पण स्टँडवर ये. सात महिने प्रत्येक गावात बसमधून आधी मी उतरायचो, बॅगा काढायला. खेळाडूंना घ्यायला कुणी ना कुणी उभं असायचं. ते निघून गेले की मी बॅगा मोजत बसायचो. घरापर्यंत सोबत चल. दारातून परत गेलास तरी चालंल.

तुझाच, तुझ्या शिव्यांना पात्र,
वसीम