वाकलेल्या खांबाला हार

खंडेनवमी, संध्याकाळ

धाकट्या भावाच्या, संतोषच्या, नव्या गोदामात पूजेला जाऊन आलो. आळेफाट्याला एवढे उंच रॅक कुणाकडं नाहीत. माझ्या गोदामात अजून गोणीवर गोणी. वडील, आण्णा, येईल त्याला सांगत होते, "आमच्या धाकट्यानं नाव काढलं!" आणि थोरल्यानं? असो.

थोरला म्हणून रॅकच्या खांबांना हार घालायचा मान माझा. कोपऱ्यातला खांब फोर्कलिफ्टच्या धक्क्यानं गुडघ्याएवढ्या उंचीवर वाकलेला दिसला. वर छतापर्यंत खताच्या गोण्या. आणि मी काय केलं? झेंडूचा हार नेमका त्या वाकलेल्या जागेवर बांधला. प्रसाद खाऊन घरी आलो.

जेवताना आठवलं. त्याच खांबाशेजारी संतोषची बायको खुर्ची टाकून हिशेबाला बसते.

शेवटी फोन केला. "कोपऱ्यातला खांब वाकलाय. आधी वरचा माल उतरव, मग खांब बदल. तोवर तिथं कुणाला बसू देऊ नको."

"दादा, लई बरं झालं सांगितलंस. एवढी माणसं आली, पण खांब तुझ्याच नजरंला पडला."

पडणारच. सकाळपासून मी त्याच्या गोदामात खोटच तर शोधत होतो.