निऱ्या कमी पडल्या

सोमवार, दिवेलागणीची वेळ

लिही पिंके, मी सांगतो तसंच. तुह्या आजीचं, म्हंजे माहं, पोट महिनाभरापासून फुगून आहे. दोन घास खाल्ले का गच्च होते. लघवीले घडीघडी पळा लागते. लुगडं तेच, पण समोरच्या निऱ्या कमी पडून राह्यल्या. म्या म्हटलं लुगडं आटलं. अक्कल पाहा माही!

घरात सारेच वैद्य. तुहा बाप म्हणे, "माय, ग्यास आहे, ओवा खाय. सोयाबीन निघू दे, मग पाहू." गाईनं एक दिवस चारा टाकला त हाच ढोराच्या डाक्टरले फटफटीवर बसवून आणते! धाकटी जाऊ त हसलीच. "काहून भेता वो बाई? पाळी जाऊन जमाना झाला, आता तिथं काय राह्यलं?" वा! माणसं निघून गेली का घराले वाळवी लागत नाही वाटते.

पण निऱ्या... आंग वाळून राह्यलं अन् निऱ्या कमी, हे कसं?

उद्या सकाळच्या जीपनं दारव्ह्याले जातो, बायांच्या डाक्टरनीकडं. तुही माय येते संगं. आता तुहा बाप तोंड पाडून म्हणे, "अन् काही वाईट निघालं त?"

म्हटलं, "लेका, मी नाही गेली त ते काय लाजून निघून जाईन?"