दारावरचं गोणपाट

प्रिय आबा,

हे पत्र तुम्हाला आहे, पण उद्या तुमच्या तेराव्याला ते मी हर्सूलच्या पाथरवटांसमोर मोठ्यानं वाचणार आहे. त्यांची सगळ्यांची एकच तक्रार होती: शेवटच्या दोन वर्षांत तुमच्या हातच्या छिन्न्या दगडावर पहिल्याच घावाला फुटायच्या. लोहाराचे डोळे गेले, असं ते म्हणत. मीही तेच म्हणत होतो. ते खरं नव्हतं, हे मला काल कळलं. म्हणून लिहितोय.

मला रडू आलेलं नाही. जेवतो, झोपतो, आलेल्या माणसांना पाणी देतो. भर चौकात दोन-दोन तास बोलणारा मी, पण इतक्या दिवसांत एक धड वाक्य सुचलं नाही.

तुमचे रंग मात्र आठवतात. पोलाद तापू लागलं की आधी जांभूळ, मग डाळिंबाचा दाणा, मग पळसाचं फूल. डाळिंबाच्या रंगावर पाण्यात बुडवून पाणी दिलं तर छिन्नी वर्षानुवर्षं चालते, पळसावर गेली की काचेसारखी फुटते. दोन्हींत अंतर किती? भाता चार वेळा दाबावा, एवढंच. मला ते कधी दिसलं नाही. तुम्ही पाथरवटांना सांगायचात, आमच्या किसनाला एकच रंग कळतो, झेंड्याचा!

भट्टीच्या दारावर गोणपाट टांगलेलं असायचं. मला वाटायचं, रझाकारांच्या भीतीनं लावलंय. पोलीस ॲक्शन झाली, गावात सभा झाली, आणि सभेतली माणसं घेऊनच मी तुमच्या दारात आलो. गोणपाट ओढून काढलं आणि तुमच्याच भट्टीत टाकलं. यापुढं माझ्या बापाच्या दारावर पडदा दिसणार नाही, असं सगळ्यांसमोर जाहीर केलं.

तुम्ही सांडशी खाली ठेवलीत आणि हळूच म्हणालात, "किसना, उजेडात लोखंड खोटं बोलतं."

मी काय उत्तर दिलं? "आबा, खोटं अंधारात बोलतात." टाळ्या पडल्या. तुम्हीही हसलात. का हसलात, आबा?

काल कुणीतरी तुमच्या डोळ्यांचा विषय काढला आणि मी मान हलवली. तीस वर्षं तुमच्यासमोर घण मारलेली आई कोपऱ्यात तांदूळ निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं.

"डोळे कुठं गेले व्हते? जायच्या आदल्या दिवशी सुईत दोरा ओवून दिला मला."

मग तिनं मला समजावलं, शाळेतल्या पोराला समजावावं तसं. दार पश्चिमेला. तापलेलं पोलाद उन्हात फिकं दिसतं. डाळिंब वाटावं तेव्हा आत पळस झालेला असतो. ढग आला की हिशोब पुन्हा बदलतो. म्हणून दारावर गोणपाट. तुमच्या आज्यानंही ते लावलं होतं, तेव्हा रझाकार कुठं होते?

मी विचारलं, मग त्यांनी दुसरं का नाही लावलं?

"तू चार माणसांत बोलला व्हतास. ते म्हणले, पोराचा शब्द हाय, ऱ्हाऊ दे."

दोन वर्षं, आबा! फुटलेली छिन्नी कुणी पायाशी टाकली तर तुम्ही ती मुकाट्यानं उचलायचात. एकदा तरी माझ्यावर ओरडायचं होतंत. माझा शब्द राखायला स्वतःचं नाव कशाला मोडलंत? की ओरडूनही मी ऐकणार नाही, हे तुम्हाला ठाऊक होतं?

हे लिहितानाही आत काही हलत नाही. हात तेवढा चालतोय.

उद्या सकाळी मी माझ्या हातानं दारावर नवं गोणपाट टांगीन, आणि ते का टांगलं हे विचारील त्याला सांगीन. माझा सभेतला शब्द मी सभेतच मागं घेतो.

आणि पाथरवटांनो, आबांच्या हातची फुटलेली छिन्नी ज्याच्या घरात पडली असेल, त्यानं ती परवा सकाळी भट्टीवर आणून द्यावी. घण मी मारीन. रंग आई बघेल.

तुमचा,
किसन