दोन वेलींना अक्षता

१४ सप्टेंबर
घर लागलं एकदाचं! शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. दोन खोल्या, मागे मोरी, मोरीच्या भिंतीपलीकडे कपाशी. कॉलेजात अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवायचं. मायने खाट दारासमोर लावून घेतली आणि आपण चाळीसगावकडच्या, हे दुपारपर्यंत अर्ध्या गल्लीला सांगून झालं.
सकाळी तिच्या टाचेची जखम धुतली. साखरेमुळे ती भरत नाही. दिवाळीपर्यंत भरली नाही तर पाऊल काढावं लागेल, असं धुळ्याचे डॉक्टर म्हणालेत. माय हे ऐकून घेते आणि लगेच चहा मागते.

१८ सप्टेंबर
घरमालक तोतारामभाऊंनी सांधवेलीचं सांगितलं. त्यांच्या बैलाच्या खांद्याला पडलेलं भोक तिच्या पाल्याने भरलं होतं. आज नाल्यात जाऊन पाहिली. अडचण अशी की तिच्याच शेजारी हुबेहूब तशीच दुसरी वेल असते, तिला इकडे सवत म्हणतात. भिंगाखाली पाहिलं. तीच पानं, तीच लव, तोच पांढरा चीक. फूल आल्यावर फरक कळतो, पण फूल येणार दिवाळीत. तोतारामभाऊंनाही ओळखता येईना. म्हणाले, मॅडम, आपण दोघं मुलगी पाहायला आल्यासारखे उभे आहोत आणि मुली निघाल्या जुळ्या. त्यांच्या वडिलांची एक खूण त्यांना आठवते. पहाटे देठ कापला की सवतीच्या चिकावर माश्या बसतात, सांधवेलीच्या नाही.
मायची वेगळीच अट. औषधाला आदल्या संध्याकाळी अक्षता देऊन बोलवायचं, नाहीतर त्याचा गुण रानातच राहतो. तुम्हना पुस्तकमा हाई नसस, असं वर ऐकवलं.

१९ सप्टेंबर
मायच्या समाधानासाठी गेले. पण अक्षता कोणत्या वेलीला द्यायच्या? चूक नको म्हणून दोघींना दिल्या. हळद-कुंकू वाहिलं, मायने पढवलेले शब्द म्हटले. उद्या न्यायला येते, माझ्या घरी राहायला ये, माझ्या माणसाच्या अंगी लाग. दोनदा म्हटले. दोन सवतींना एकाच घरी बोलावलंत, आता भांडी वाजणार, म्हणून तोतारामभाऊ हसत सुटले.

२० सप्टेंबर
पहाटे दोन्ही देठ कापले. एकावर माश्यांचा थर बसला, दुसरा स्वच्छ. स्वच्छ वेल मुळासकट आणली, पाला वाटून बांधला. दुसरी तिथेच सोडली.

२४ सप्टेंबर
जखम गुलाबी झाली! कडेने नवं मांस धरतंय. मायच्या पावलावर डोकं टेकवून रडले. तिने मला वेडी म्हटलं.
घरात मात्र वास येतोय, डब्यात विसरून राहिलेल्या मटणासारखा. मोरीच्या भिंतीतून एक कोंब आत आलाय. सुरीने कापला, कापताना बोटाला लागलं. आतून चीक आला तो पांढरा नव्हता. पिवळा, घट्ट, आणि कोमट. बोटं साबणाने चोळचोळून धुतली, कापलेल्या बोटाला पट्टी बांधली. भाताचा पहिला घास तोंडाशी नेला आणि त्याला तोच वास.

२६ सप्टेंबर
तोतारामभाऊंनी सहज विचारलं, दुसरीचं काय केलं. सोडली म्हटल्यावर तंबाखू चघळायचे थांबले. बोलावलेलीला न्यायचं, नसेल न्यायचं तर अक्षता परत उचलून माफी मागायची, इतकं लहान पोरालाही कळतं म्हणाले. बोलावलेली पाहुणी वाट पाहत बसत नाही.
नाल्यात गेलो. वेल नाही. मूळ नाही. जमिनीत एक ओलं भोक, कडांवर माश्या, आणि हळदीचा एकही तांदूळ नाही.

२७ सप्टेंबर
पट्टी सोडली. जखमेत पांढरे धागे. किडे वाटले. चिमट्याने एक धरून ओढला, तो संपेना. बोटभर, वीतभर. त्याला बारीक लव होती. मूलरोम. मी हे मुलांना फळ्यावर काढून दाखवते.
माय खदखदून हसत होती. गुदगुल्या होतात म्हणे.
मोरीत जाऊन ओकले. तिथे नवा कोंब. मनगटाएवढा.

२८ सप्टेंबर
दवाखान्यात न्यायला रिक्षा आणली. माय उठेना. टाच खाटेच्या सुंभात रुतलीय— रुतली नाही, धरलीय. खाटेखालून मोरीपर्यंत फरशीच्या फटीत पांढरं जाळं.
तोतारामभाऊंनी मोरीतल्या कोंबावर विळा घातला. आतल्या खोलीत माय किंचाळली.
विळा टाकून ते गेले. रिक्षाही.

२९ सप्टेंबर
मायच्या ओठांच्या कोपऱ्यातून पिवळं गळतंय. पुसते, पुन्हा येतं. माश्या तिच्या दातांवर बसतात, ती हाकलत नाही. दुखत नही वं, म्हणते, गोड लागस.
नाल्यात जाऊन त्या भोकापाशी माफी मागितली. उचलायला अक्षता कुठे—

३० सप्टेंबर
जखम बुजली. संपूर्ण. गुळगुळीत कातडी. डॉक्टरांना कापायला काही नाही— पाऊल वाचलं. कातडीखाली काहीतरी वळतंय, सावकाश, जागा करून घेत.
माय म्हणते, घरमा उनी ती, रागावेल नही. तू जे बोलली, तेच करस.
माझ्या माणसाच्या अंगी लाग म्हटलं होतं. दोनदा. घरात माणसंही दोन—

१
बोटाची पट्टी ओली. सोडायची नाही. वास माझाच—
माशी बसली. हाकलवत नाही.
पेन धरलं की नखाखाली लव— मुळं पाणी शोधत— मी शिकवते हे—
दुखत नाही.
गो