चिंधी बांधलेले दुधी

मुक्काम पोलादपूर, श्रावण वद्य एकादशी

चि. मुरारी यास काकाचे पोटभर आशीर्वाद. (पोटभर हा शब्द लिहिला खरा, पण पुढे वाचशील तेव्हा तुला तो खोडावासा वाटेल.) तुझा खोकला कसा आहे ते कळव. इकडे आम्ही खुशाल आहोत. माझी कंबर तेवढी वेगळी राहते.

वैशाखात मी परसात मांडव घालून दुधी लावला. त्या जागेत तुझी काकी लाकडं रचायची, गोवऱ्या थापायची. मी म्हटलं, जमीन अशी झोपवून ठेवणं बरं नव्हे. ती म्हणाली, बरं, पण गणपतीच्या नैवेद्याला घरच्या वेलाचा कोवळा दुधी आला नाही तर मांडव उतरवायचा आणि परसू माझं मला द्यायचं. मी मिशीला पीळ देऊन कबूल झालो. (मिशीला हात गेलेला असताना माणसाने काही कबूल करू नये.)

विहिरीचं पाणी वाहिलं, शेण-राख घातली, आणि वेल असा चढला की शेजारचा येसाजी रोज कुंपणावरून मान काढू लागला. इथेच माझ्या डोक्यात शहाणपण शिरलं. बियाला ठेवलेल्या फळाला आपल्याकडे चिंधी बांधतात, आणि चिंधीच्या फळाला चोरसुद्धा हात लावत नाही. मग एकालाच का बांधा? सगळ्यांना बांधली. जुनं धोतर पुरेना म्हणून बरं धोतर फाडलं. मांडव लग्नाचा दिसू लागला. येसाजी म्हणाला, "दादा, बी ठेवलंय का गाव वसवायचा हाय?"

दुधी वाचले, यात वाद नाही. येसाजीने हात लावला नाही आणि तुझ्या काकीनेही लावला नाही. कोवळे होते तेव्हा मी विळी पुढे सरकवली, तर म्हणते, "बियाला ठेवलेलं मी चिरत नाय. चिंधी कोणी बांधली?" चिंधी सोडतो म्हटलं, तर म्हणे, एकदा ठेवलं ते ठेवलं. हा वाद मिटेपर्यंत दुधी असे जून झाले की कोयता उसळतो. आणि जून फळं अंगावर असली की वेल नवं फळ धरत नाही, हे मला आता कळतंय.

मिळकत विचारशील तर, आमची दया येऊन पलीकडच्या घरची खैरुनबी तिच्या परसातली भेंडी पाठवते. ताट रिकामं कसं परत द्यायचं, म्हणून मी वाळल्यावर बी देण्याचं कबूल करतो. अख्ख्या महाड तालुक्याला पुरेल एवढं बी वर लटकतंय आणि खाली आमच्या पानात भेंडी. तरी मुरारी, पहाटे त्या मांडवाखाली पांढरी फुलं बघत बसलो की कंबर दुखायची विसरते. तो उतरवायचा म्हटलं की मी पानावरून उठून पुन्हा त्याच्याखाली जाऊन बसतो.

बाकी क्षेम.

तुझा काका, भागोजी

ता. क. तू गणपतीला येतोच आहेस. भायखळ्याच्या बाजारातून एक कोवळा दुधी पेटीत कपड्यांखाली घालून आण. काकी पाण्याला गेली की मी तो सुतळीने वेलाला टांगीन. कुठे बोलू नकोस.

दुसरा ता. क. लिहिलेलं मोठ्याने वाचून बघायची माझी खोड तुला ठाऊक आहे. काकी चुलीपाशीच होती. ती सांगते, मुरारीला लिवा, देठ हिरवा बघून घे, नख लावून बघ. देवाला मांडव कुठला ते इचारायची सवय नाय. पण टांगताना त्याला चिंधी बांधलीत, तर मी चिरायची नाय.